गाडीचं काही विचारायचंय? : आधी मागचा एक्सल

प्रश्न : माझ्याकडे १९८४ची शेवरोले के-१० पिकअप आहे, फोर-व्हील-ड्राइव्ह, ३५०चं इंजिन. आधीच्या मालकाने ३५ इंची टायर घातलेत. गेल्या ऑक्टोबरात सरपणाची ट्रॉली ओढत चढ चढताना मागचा डावा शाफ्ट तुटला आणि चाक ड्रमसकट वीतभर बाहेर आलं. मित्र म्हणतात, मागे १४ बोल्टवाला एक्सल आणि पुढे के-३० या मोठ्या पिकअपचा डेना-६० एक्सल टाक, कटकटच संपेल. खर्च करीन, पण एकदाच. काय करू?
– मंदार, ड्युरँगो (कोलोरॅडो)

उत्तर : मंदार, चाक वीतभरच बाहेर आलं आणि तेही चढावर, हळू चालताना, म्हणून थोडक्यात निभावलं. तुमच्या मागच्या एक्सलमध्ये एकाच शाफ्टवर दोन कामं आहेत. चाक फिरवायचं आणि गाडीचं ओझंही पेलायचं. हा शाफ्ट आत डिफ्रन्शलमध्ये (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीत) इंग्रजी सी अक्षरासारख्या एका छोट्या क्लिपवर अडकलेला असतो. क्लिपच्या बाहेरच्या अंगाला तो तुटला की चाकाला धरून ठेवणारं कोणी उरत नाही.

मी पोरगा असताना साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका गॅरेजात हाताखाली होतो. खंबाटकीत ट्रकचा शाफ्ट तुटल्याचा निरोप आला की मिस्त्री मला पाना आणि नवा शाफ्ट देऊन घाटाकडे निघालेल्या एखाद्या ट्रकमध्ये बसवून द्यायचे. माल उतरवायचा नाही, चाकही काढायचं नाही. हबच्या तोंडावरचे नट सोडायचे, हातोडीचे दोन टोले, शाफ्ट बाहेर. आत राहिलेला तुकडा मात्र छळायचा. सळईच्या टोकाला तारेचा फास करून तो गळाला मासा लावल्यासारखा ओढावा लागे. या सगळ्यात भरलेला ट्रक जागेवर खुशाल उभा, कारण ओझं हबमधल्या दोन बेअरिंगवर आणि हौसिंगच्या नळीवर. शाफ्टने फक्त फिरायचं. पुस्तकात याला फुल-फ्लोटिंग म्हणतात, हे मला इकडे अमेरिकेत आल्यावर कळलं.

मित्र म्हणतात तो १४ बोल्टवाला असाच आहे. क्राउन, म्हणजे डिफ्रन्शलमधलं मोठं दातेरी चक्र, १०.५ इंची, तुमचा आहे ८.५. शाफ्ट दीड इंच जाड, ३० स्प्लाइनचा, म्हणजे टोकाला ३० खाचांचा. क्राउनला फिरवणारं छोटं चक्र म्हणजे पिनियन, त्याच्या नाकालाही वेगळं तिसरं बेअरिंग आहे, त्यामुळे जोर आला तरी पिनियन क्राउनपासून ढळत नाही. डोळे झाकून घ्या.

डोळे झाकून म्हणालो खरं, पण भंगारवाल्याकडे जाल तेव्हा उघडे ठेवा. झाकणाला १४ बोल्ट असलेला ९.५ इंची क्राउनचा दुसराही एक एक्सल याच कंपनीचा आहे, आणि तो तुमच्या आताच्याच जातीचा, सेमी-फ्लोटिंग. बोल्ट मोजून फसलेले मी पाहिलेत. चाकाकडे बघा. मधून हब जाड डब्यासारखा बाहेर डोकावतो आणि त्याच्या तोंडावर आठ बोल्टांचं कडं आहे, तोच आपला. मागे जोडचाकं असलेल्या ट्रकखालचा घेऊ नका, तो रुंदीला कमी भरतो.

आता पुढचा डेना-६०. माझं मत : नको. वस्तू दणकट आहे, पण ती सगळ्यांनाच हवी असल्यामुळे त्याच्या किमतीत १४ बोल्टवाले कितीतरी येतील. तुमचा पुढचा दहा बोल्टवाला काही रडका नाही. त्याचं क्राउन ८.५ इंची, म्हणजे डेना-४४च्या तोडीचं. तुम्ही खडकांवर चढत नाही, लाकडं ओढता. चढावर ओझं मागच्या चाकांवर येतं आणि तुटलंही मागचंच. उद्या ३८-४० इंची टायर घालून पुढे लॉकर (दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारं कुलूप) टाकायची हुक्की आली, तर वेगळं पत्र लिहा.

फक्त एक गोची आहे. मागे आठ बोल्टांची चाकं येणार आणि पुढे सहाच राहणार. इमोजीन पासच्या वाटेवर, तेरा हजार फुटांवर, पंक्चर झाल्यावर हातात भलतीच स्टेपनी असण्यासारखी फजिती नाही. म्हणून पुढे त्याच काळातल्या के-२० या थोरल्या पिकअपचा अख्खा एक्सल घ्या. तुमच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर सरळ बसतो, चाकं आठ बोल्टांची होतात, ब्रेकही मोठे मिळतात. आतले शाफ्ट तुमच्या आताच्याएवढेच असतात. ताकद वाढली म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

आणि रेशो, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाचा जोर एक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचे) किती फेरे लागतात ते. इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. माझ्या ८२च्या के-१०ला मागे ४.१० बसवला आणि पुढचा ३.७३ तसाच ठेवला, ‘पुढच्या महिन्यात बदलू’ म्हणून. बर्फात चाकं घसरून फरक जिरवत राहिली. कोरडा डांबरी रस्ता लागला तेव्हा फोर-व्हील काढायचं विसरलो. स्टिअरिंग जड झालं, गाडी उड्या मारायला लागली, आणि मैलभरात ट्रान्स्फर केसमधली (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीतली) साखळी दात सोडून कडाकडा वाजली. तुमच्याकडेही तीच साखळीवाली २०८ केस असणार. दोन्ही एक्सल हाताशी आल्याशिवाय एकालाही पाना लावू नका.

भंगारवाल्याच्या तोंडी रेशोवर जाऊ नका. एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं जॅकवर घ्या, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टचे किती होतात ते मोजा. चारच्या थोडे वर गेले तर ४.१०. लॉकर असेल तर ही युक्ती चालत नाही, मग झाकण उघडून दात मोजायचे : ४१ला १० म्हणजे ४.१०, ४१ला ११ म्हणजे ३.७३. तुमच्या गाडीत सध्या काय आहे ते ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाआतल्या स्टिकरवर सापडेल. जीयू४ लिहिलं असेल तर ३.०८. २९ इंचांच्या जागी ३५ इंची टायर आल्यावर तो २.५५ असल्यासारखा वागतो. ट्रॉली ओढताना गाडी का कण्हते ते यात आलं. ४.१० घेतलात तर ३.४०चा जोर मिळेल. तुम्हाला तेवढा पुरे.

एक्सलबरोबर जुनी साडेसोळा इंची चाकं फुकट देऊ करतील. नको म्हणा. त्या मापाचे टायर आता शोधावे लागतात, आणि त्या रिमवर सोळाचा टायर चढवून हवा भरणं म्हणजे जिवाशी खेळ. टायर फुटून माणसं गेली आहेत.

बाकी किरकोळ. नव्या एक्सलची नळी जाड आहे, यू-बोल्ट नवे आणि मोठे घ्या, जुने परत आवळू नका. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्याला दोन मापांचा जोडक्रॉस लागेल. शाफ्टची लांबी एक्सल बसवून, गाडी चाकांवर उभी करून मगच मापा. मागचे ड्रम काढून डिस्क टाकायचा सल्ला हमखास मिळेल. स्वस्तातल्या डिस्कमध्ये हँडब्रेक जातो. तुमच्यासारख्या उतारावर राहणाऱ्याने ड्रमच ठेवावेत.

प्रश्न : १९८५ची टोयोटा पिकअप, ३३ इंची टायर. मीही डेना टाकू का? – एक वाचक, सॅक्रामेंटो

उत्तर : नाही. पुढचा अखंड एक्सल असलेलं अमेरिकेतलं हे शेवटचं वर्ष, ८६पासून तो गेला. आहे तो जपा. नकलमध्ये (पुढचं चाक वळतं त्या सांध्यात) काळपट, पातळ रबडी दिसत असेल तर आतलं सील गेलंय आणि डिफ्रन्शलचं तेल ग्रीसमध्ये उतरतंय. सील बदला, ग्रीस नवं भरा. त्यासाठी एक शनिवार पुरतो.