हिस्पॅनिक-लॅटिनो क्लायंटसोबत काम करताना 'संस्कृतीचं भान' म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात मानसशास्त्रात एमए करून टेक्सासमधल्या एका क्लिनिकमध्ये इंटर्नशिप सुरू होतेय, बरेच क्लायंट स्पॅनिश बोलणारे आहेत, आणि 'संस्कृतीचं भान ठेवा' असं सगळे म्हणतात, पण कसं ते कुणी सांगत नाही. पहिल्या दोन-तीन भेटींपुरतं सांगते. माणूस पुन्हा येणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

आधी एक गोष्ट मनातून काढा. 'लॅटिनो' ही एकच संस्कृती नाही. पोर्तो रिकोचा माणूस जन्मानेच अमेरिकन नागरिक असतो, होंडुरासहून आलेली बाई कदाचित आश्रयाच्या अर्जावरच्या निर्णयाची वाट बघत असते, आणि ग्वाटेमालाच्या डोंगरातून आलेल्याची मातृभाषा माम किंवा किचे असू शकते. स्पॅनिश त्याला कामापुरतीच येते. घरी काय बोलता, कुठून आलात, मागे कोण राहिलं, हे विचारा. इमिग्रेशनचा दर्जा मात्र उपचाराला गरज असेल तरच विचारा, आणि तो नोंदीत लिहिण्याआधी सुपरवायझरशी बोला.

स्पॅनिशमध्येही 'तू' आहे, उच्चार आणि अर्थ दोन्ही आपलेच. 'उस्तेद' म्हणजे आपलं 'तुम्ही'. वयाने मोठ्यांशी उस्तेदनेच सुरुवात करा. पहिली पाच-दहा मिनिटं गाव, मुलंबाळं यांवर गेली तर जाऊ द्या. त्यातूनच 'कॉन्फिआन्सा', म्हणजे विश्वास, बसतो. थेट फॉर्म पुढे सरकवला की उत्तरंही फॉर्मसारखीच येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं: त्रासाला ते स्वतः काय नाव देतात? 'डिप्रेशन' हा शब्द क्वचितच येईल. 'नेर्विओस' येईल, त्यात जिवाची घालमेल, डोकेदुखी, झोप न लागणं, चिडचिड सगळं मावतं. 'कोराखे' शब्द ऐकून धैर्य समजू नका, मेक्सिकन बोलीत तो राग असतो. डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, २०१३) १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिली आहे, ती वापराच. त्यातला 'घरच्यांना हा त्रास कसा सांगता?' हा प्रश्न एकटाच खूप काही उघडतो. पुढे सगळ्या सेशनमध्ये त्यांचाच शब्द वापरा.

'आताके दे नेर्विओस', म्हणजे नेर्विओसचा झटका, नीट ओळखायला शिका. विशेषतः कॅरिबियन लोकांमध्ये दिसतो: मृत्यूची बातमी किंवा घरातलं भांडण, आणि लगेच आरडाओरडा, रडणं, थरथर, छातीतून डोक्याकडे चढणारी उष्णता, कधी भान हरपणं. याला पॅनिक अटॅक म्हणून मोकळे होऊ नका. पॅनिक पुष्कळदा काही कारण नसताना येतो आणि त्यात तीव्र भीती असते. इथे बहुधा आधी काहीतरी घडलेलं असतं. म्हणून 'त्याच्या आधी काय झालं?' हे विचारा. फीट वगैरे शारीरिक कारण डॉक्टरकडून तपासून घ्या, आणि जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारा.

हे विचारताना दुभाषी म्हणून मूल नको. दहा वर्षांच्या लेकीच्या तोंडून 'मरावंसं वाटतं का?' आलं, तर आई 'नाही' म्हणणारच. किंवा लेकच प्रश्न सौम्य करून 'बरं वाटत नाही का?' असं विचारेल. तुमच्या नोंदीत मात्र 'धोका नाही' असं जाईल. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या क्लिनिकला तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलांना असं वापरण्याची कायद्यानेच मनाई आहे. प्रशिक्षित दुभाषी घ्या, सेशनआधी पाच मिनिटं त्याच्याशी बोला, बघा मात्र क्लायंटकडे, वाक्यं छोटी ठेवा, वेळ जवळजवळ दुप्पट धरा. दुभाषी त्याच वस्तीतला असेल तर क्लायंट गप्प बसतो. मग फोनवरचा दुभाषी बरा.

पीएचक्यू-९ ही डिप्रेशन तपासायची प्रश्नावली स्पॅनिशमध्ये मोफत मिळते. वाचायची सवय नसलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

आपल्यासाठी एक खास सापळा आहे. सासू, देव, 'लोक काय म्हणतील' हे सगळं ओळखीचं वाटतं आणि 'कळलं, आमच्याकडेही असंच' म्हणून आपण विचारणंच थांबवतो. कुटुंबाची ओढ सारखी दिसली तरी गावाकडे पैसे पाठवायला दोन नोकऱ्या करणारा, आईला दहा वर्षं न भेटलेला माणूस काय सोसतो, ते त्याच्याकडूनच कळतं. घरच्यांना बोलवायचं का, हेही त्यालाच एकट्यात विचारा.

आणि पहिल्याच भेटीत आत्महत्येचे विचार आले तर मदत देणाऱ्या अमेरिकेतल्या हेल्पलाइनचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून द्या: ९८८ लावा, स्पॅनिशसाठी २ दाबा.