रंगवलेला दाखवू का?

प्रश्न : जुन्या गुप्तहेरपटांचा विषय निघाला की 'द माल्टीज फाल्कन'चं नाव येतंच. मुलाला दाखवावा म्हणून शोधला, तर मूळ कृष्णधवल आणि नंतर रंगवलेला असे दोन सापडले. कृष्णधवल म्हटलं की हा पठ्ठ्या उठून जातो. रंगवलेला दाखवला तर चालेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नका दाखवू, अगदी कळकळीनं सांगते. न्यू जर्सीला बहिणीकडे मी पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला, तो नेमका रंगवलेलाच. सगळ्यांचे चेहरे एकाच गुलाबट रंगाचे आणि रात्र म्हणजे मळकट तपकिरी. गोष्ट समजली, पण जीव काही गुंतला नाही. पुढे मूळ पाहिला आणि हळहळले.

१९४१ चा हा चित्रपट म्हणजे जॉन ह्यूस्टन यांचं पहिलं दिग्दर्शन. सॅन फ्रान्सिस्कोतला खाजगी गुप्तहेर सॅम स्पेड, म्हणजे हम्फ्री बोगार्ट, आणि त्याचा भागीदार आर्चर ऑफिसात बोलत असतात, तेव्हा खिडकीवरच्या 'स्पेड अँड आर्चर' या अक्षरांची सावली जमिनीवर पडलेली दिसते. त्याच रात्री आर्चरचा खून होतो. ती बातमी येते तो प्रसंग नीट बघा. उशाशी फोन वाजतो, मागे वाऱ्यानं पडदा हलतोय. एक हात येऊन रिसीव्हर उचलून नेतो, कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. स्पेडचा आवाज तेवढा ऐकू येतो, चेहरा दिसत नाही. त्याला वाईट वाटलं का? अंधार ते कळू देत नाही. पुढे तो अगदी शांतपणे आर्चरचं नाव काढून टाकायला सांगतो. आणि शेवटी लिफ्टच्या जाळीच्या दाराची सावली एका चेहऱ्यावर गजांसारखी पडते. कुणाच्या, ते मुलालाच शोधू दे.

१९८६ मध्ये हा चित्रपट रंगवला गेला, तेव्हा ह्यूस्टन ऐंशीचे होते, फुप्फुसाच्या आजारानं थकलेले. तरीही पत्रकारांसमोर येऊन त्यांनी त्याचा कडाडून निषेध केला.

तेव्हा मूळच लावा, रात्री, दिवे मालवून. शंभर मिनिटांचा तर आहे. साधारण अर्ध्यावर गटमन हा खलनायक येतो. ते काम करणाऱ्या सिडनी ग्रीनस्ट्रीट यांचा हा पहिलाच चित्रपट, तोही साठी उलटल्यावर! कॅमेरा इतका खाली लावलाय की त्यांच्या पोटानंच पडदा भरून जातो. तिथवर मुलाला बसवून ठेवा. पुढे तो उठायचा नाही.