वाचकांचे प्रश्न: नोटेतली चिप, मोमियाई आणि फॅमिली ग्रुप

प्रश्न: आमच्या फॅमिली ग्रुपवर मोठे काका रोज काहीतरी टाकतात, लसीत काय मिसळलंय, टॉवरमुळे आजार कसे येतात, कोणता देश हे सगळं मुद्दाम घडवतोय वगैरे. काका बँकेतून रिटायर झालेत, अडाणी अजिबात नाहीत. हे आपल्याकडेच एवढं का चालतं? बाहेरच्या देशात असं नसेल ना?
— एक वाचिका, इंदिरानगर

उत्तर: ताई, बाहेर पण हेच चालतं. 2020 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडात लोकांनी मोबाईलचे टॉवर पेटवले, का तर म्हणे 5जी मुळे कोरोना होतो. त्यामुळे शिक्षणाचा मुद्दा सोडूनच द्या, बँकेतला माणूस पण माणूसच.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती मोमियाईची. 1896 ला मुंबईत प्लेग आला, सरकार आजारी माणसांना उचलून हॉस्पिटलात नेऊ लागलं, आणि बोलवा उठली की तिथे माणसाला उलटं टांगून त्याची मोमियाई काढतात, म्हणजे अंगातलं तेल, औषधासाठी. ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला. आता तिकडे पार दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या डोंगराळ गावांमध्ये, पिढ्यानपिढ्या सांगतात की पिश्ताको नावाचा गोरा माणूस रात्री वाटेवर गाठतो आणि माणसाची चरबी काढून नेतो, स्पॅनिश लोकांच्या काळात ती म्हणे चर्चच्या घंटांसाठी लागायची, पुढे मशीनसाठी. परळच्या कामगाराने पेरूचं नाव पण ऐकलं नसेल, तरी गोष्ट जवळपास सेम. कारण दोन्हीकडे राज्य परक्याचं, राबायचं आपण आणि सत्त्व शोषून घेणार दुसरा, मग ते तेल म्हणा नाहीतर चरबी. गोष्ट खोटी, पण तिच्या आतली तक्रार काही खोटी नव्हती.

असंच 1832 ला लिव्हरपूलमध्ये कॉलराच्या साथीत लोक डॉक्टरांच्या अंगावर गेले, पेशंटला मारून प्रेत चिरफाडीला वापरतात म्हणून. मारत नव्हते हो, पण त्या काळात मेडिकल शिक्षणासाठी कबरीतून प्रेतं चोरली जात होती हे खरंच होतं. नायजेरियातल्या कानोमध्ये 2003 ला पोलिओचे डोस बंद पाडले, मुलं वांझ होतील म्हणून, आणि त्याच कानोमध्ये 1996 ला एका परदेशी औषध कंपनीने आजारी मुलांवर औषधाची वादग्रस्त चाचणी केली होती. आपल्या उत्तर प्रदेशातही पोलिओ डोसची हीच भीती होती, आणि जिथे आणीबाणीत माणसं धरून नेऊन नसबंदी केली तिथे ती का रुजली हे वेगळं सांगायला नको. आपली जिथे जुनी जखम असते तिथेच अफवा बसते, म्हणून प्रत्येक देशाची वेगळी दिसते.

आणि ती येते ओळखीच्याच माणसाकडून. 2016 ला 2000 च्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी सॅटेलाइटला कळते, हे ऐकलं असेलच. नाशिकरोडला तर नोटांची प्रेसच आहे, तिथे सुद्धा मला एकाने हे छातीठोक सांगितलं, वर म्हणे मेव्हण्याच्या ओळखीचा प्रेसमध्ये आहे, त्यानेच सांगितलं. टीव्हीवर मंत्री नाही म्हणाले तरी मेव्हणा जिंकतो.

हसण्यावारी नेऊ नका पण. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षुकीसाठी फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. त्याच दिवशी आपल्या मालेगावात लहान मूल सोबत असलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, तिथे पोलिसांनी वाचवलं म्हणून बरं. त्या दिवसांत देशभर जो व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून पोरगं उचलून नेतात तो, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला, शेवटी मूल परत आणून सोडतात आणि सावध करणारी पाटी दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला.

प्रश्न: म्हणजे सगळी कारस्थानं खोटीच का? तेलगी प्रकरण तर आपल्या नाशिकरोडशीच जोडलेलं आहे! आणि कांद्याच्या निर्यातबंदीचं काय?
— एक वाचक, जेलरोड

उत्तर: मुद्दा बरोबर. नाशिकरोडच्या स्टॅम्प छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून लिलावात निघालेली जुनी मशिनरी तेलगीच्या हाती लागली आणि त्याने खोटे स्टॅम्प पेपर छापून देशभर विकले, हे खरंखुरं कारस्थान होतं. पण ते कसं उघडं पडलं बघा, छापील कागद, पैशाचा हिशेब, फुटलेली माणसं, अधिकाऱ्यांवर केस, आणि शेवटी तेलगीला 30 वर्षांची शिक्षा. खऱ्या कटात माणसं हावरट असतात, भांडतात, पुरावे मागे सोडतात. व्हॉट्सॲपवरच्या कटात मात्र लाखो लोक सामील आणि एकही फुटत नाही, आणि पुरावा नाही म्हटलं की तोच पुरावा, बघा कसा दाबला! इथे मी तरी हात जोडतो.

अजून एक, अफवा उठवणं हेच कधीकधी कारस्थान असतं. एड्स अमेरिकेने लॅबमध्ये बनवला ही गोष्ट 1983 ला दिल्लीच्या 'पेट्रियट' नावाच्या पेपरात निनावी पत्र म्हणून आली, ते काम सोव्हिएत गुप्तहेर खात्याचं होतं, आणि पुढे ती जगभर फिरली. म्हणजे कटाची बातमी हाच कट.

कांद्याचं विचारलंच आहे तर, डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावात जो संताप झाला त्याला गुप्त कट शोधायची काही गरज नव्हती, आदेश जाहीरच होता.

प्रश्न: काकांना खोटं दाखवलं की ते चिडतात. ग्रुप सोडू का?
— तीच वाचिका, इंदिरानगर

उत्तर: नका सोडू, आणि ग्रुपवर सगळ्यांसमोर लिंक पण नका टाकू, पुतणीने चारचौघांत खोटं पाडलं की कोणताही काका अडूनच बसणार. वेगळा फोन करा, लसीचं नेमकं काय वाटतंय ते विचारा, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर भीती बहुतेक तिथलीच असेल, आणि ते बोलणं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर होऊ द्या. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो खूप हातांतून फिरून आलाय, तेवढं मात्र त्यांना दाखवून ठेवा.