मुलगा रविवारी फासे घेऊन कोपरखैरण्याला जातो, यात काळजी करण्यासारखं काय?

ताई, नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. मुलगा अकरावी सायन्सला, राहायला कासारवडवलीला. दर रविवारी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून कोपरखैरण्याला मित्राकडे ‘डी अँड डी’ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जातो आणि संध्याकाळी घरी येतो. नणंदबाईंचं म्हणणं, असले खेळ खेळणारी पोरं एकलकोंडी होतात, स्वतःच्याच जगात राहतात. सोसायटीतल्या काकांनी त्याच्याकडचे फासे बघून जुगाराची शंका काढली. मग तुम्ही रात्री नेटवर शोधायला बसलात आणि थेट सैतानापर्यंत पोचलात. वाढदिवसाला तो या खेळाचं महागडं पुस्तक मागतोय, ते द्यावं का, हेही विचारलंय.

मी नेरूळला राहते, बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी डीएम असते. डीएम म्हणजे डंजन मास्टर. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, त्यातल्या एकाकडे सगळं जग सोपवलेलं असतं. पाऊस, राक्षस, पहारेकरी, भाजीवाली, सगळं त्यानेच बोलायचं. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते काय करतंय हे तोंडाने सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा. खेळ एवढाच. स्क्रीन नाही, आणि शेवटी कोणी जिंकत-हरतही नाही.

सैतानाचं प्रकरण आधी मिटवते. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. १९७९ मध्ये मिशिगनमधला सोळा वर्षांचा एक विद्यार्थी विद्यापीठातून बेपत्ता झाला. तो हा खेळ खेळायचा, तेवढ्यावरून विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत खेळता खेळता हरवला असणार, अशी शंका त्याला शोधायला नेमलेल्या खाजगी गुप्तहेराने बोलून दाखवली आणि वर्तमानपत्रांनी ती उचलली. मुलगा नंतर सापडला. त्याची दुःखं फार वेगळी होती, खेळाशी त्यांचा संबंध नव्हता. पण तोवर गोष्ट जगभर झाली होती. पुढे मुलाच्या आत्महत्येने कोसळलेल्या एका आईने १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटनाच काढली, १९८५ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘६० मिनिट्स’ने त्यावर कार्यक्रम केला, आणि चर्चमधून पत्रकं वाटली गेली. खेळ छापणारी कंपनीही इतकी घाबरली की १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिने राक्षसांच्या यादीतून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावंच काढून टाकली आणि बनवलेले विचित्र शब्द घातले. तुम्ही रात्री जे वाचलंत, ते या चाळीस वर्षांपूर्वीच्या घबराटीचं शिळं उरलेलं आहे. त्यातला सैतानही चर्चचा. आपल्याकडे घरोघरी नरकासुर, महिषासुर, भस्मासुर आधीपासून नांदतायत, त्यात आणखी एका ड्रॅगनने काय बिघडणार?

जुगाराचं उत्तर त्याहून सोपं. यात पैसे लावतच नाहीत, लावायची सोयही नाही, कारण खेळणारे सगळे एकाच बाजूला असतात. काकांना मात्र मी दोष देणार नाही. द्यूतपर्व ऐकत वाढलेल्या माणसाला फासे दिसले की शकुनी आठवणारच. त्यांना तो वीस बाजूंचा फासा हातात द्या. पैज लावायची कशावर, हे त्यांनाच सुचणार नाही.

आता नणंदबाई. त्यांचा मुद्दा मी गंभीरपणे घेते, कारण मुलं स्वतःच्या जगात जातात ही भीती खोटी नाही. फक्त पत्ता चुकलाय. खोलीचं दार लावून रात्री दोनपर्यंत मोबाइलवर असलेलं मूल आणि दुसऱ्याच्या घरी चार जणांच्या समोर बसून तोंडाने बोलणारं मूल, यात एकलकोंडं कोण?

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते. नाणेघाटात जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण तुम्ही पाहिला असेल. त्यावरून मी एक घाट रचला होता. खालून कोकणातलं मीठ घेऊन बैलांचा तांडा वर चाललाय, माथ्यावर जकातदार बसलाय, आणि आमच्या मंडळींकडे फुटकी कवडी नाही. टेबलावर एक फिजिओथेरपिस्ट, एक सीएची तयारी करणारी मुलगी, महापालिकेतून निवृत्त झालेले एक इंजिनियर, आणि तुमच्या चिरंजीवांच्या वयाचा एक मुलगा. (त्याची आई पहिले काही रविवार आतल्या खोलीत पेपर वाचत बसायची. बरोबरच होतं तिचं.) हा मुलगा चोराचं पात्र घेऊन होता. तो म्हणाला, ‘मी जकातदाराला सांगतो की हे बैल देवस्थानचे आहेत, यांना जकात माफ असते.’

मी म्हटलं, टाक फासा. मी आकडा ठरवला होता १५. त्याच्या पात्राला बोलबच्चनगिरीचे अधिक तीन मिळतात, म्हणजे फाशावर १२ किंवा वर यायला हवं होतं. वीसपैकी नऊ बाजू, ४५ टक्के. तो टाकणार तेवढ्यात फिजिओ म्हणाली, ‘थांब. मी बाजूला उभी राहून पहारेकऱ्यांना प्रसाद वाटायला लागते.’ आता नियम असा आहे की दुसऱ्याने अशी मदत केली तर फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा धरायचा. ४५ चे जवळपास ७० टक्के होतात. या खेळात एकट्याची तलवार कितीही मोठी केलीत तरी शेजारी कोणी उभं राहिल्याने जेवढा फरक पडतो तेवढा सहजी पडत नाही.

तरी फासे पडले ४ आणि ९. नऊ अधिक तीन, बारा. गेलं. जकातदार म्हणून मी शांतपणे विचारलं, ‘कुठल्या देवस्थानचे?’ आणि चौघांनी एकाच दमात चार वेगवेगळ्या देवळांची नावं घेतली. पुढचा पाऊण तास बैल सोडवण्यात गेला. इंजिनियर काकांनी जकातदाराच्या गळक्या छपराची पाहणी करून दिली तेव्हा कुठे तांडा पुढे सरकला. ते मुळात योद्ध्याचं पात्र खेळतात, तलवार अजून म्यानातच आहे.

नणंदबाईंना एकदा असं काहीतरी बघू द्या. स्वतःच्या जगात असणं म्हणजे हेच असेल, तर त्या जगात जाण्यासाठी पाऊण तास रांगेत उभं राहायला मी तयार आहे.

मला विचाराल तर आपल्या भागात या खेळावरचा खरा शिक्का वेगळाच आहे, आणि तो तुमच्या प्रश्नात नसला तरी त्याच्या खाली आहे. तो म्हणजे रिकामटेकडेपणा. आपलं ठाणं नाटकवेडं. मुलगा आंतरमहाविद्यालयीन एकांकिकेत राक्षस झाला, गडकरी रंगायतनला प्रयोग झाला, तर हीच सोसायटी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाळ्या वाजवेल, काका पहिल्या रांगेत बसतील. तोच मुलगा टेबलावर राक्षस झाला तर डोकं ठिकाणावर आहे का विचारतील. सोंग दोन्हीकडे तेच. फरक एवढाच की एकीकडे प्रेक्षक असतात आणि शेवटी ढाल मिळते. ज्याची ढाल मिळत नाही, मार्कशीटवर ओळ उमटत नाही, तो वेळ आपल्याकडे वाया गेलेला धरतात. मोठ्यांना तर हे जास्तच ऐकावं लागतं. मला आजही एका हळदीकुंकवाला एकीने विचारलं, ‘अजून खेळतेस?’ जणू गोवर यायचा राहिला होता. आणि आमच्या आधीच्या सोसायटीच्या कमिटीने क्लब हाऊस वाढदिवसांना आणि किटी पार्टीला दिलं, आम्हाला मात्र ‘कृतीचं स्वरूप स्पष्ट नाही’ म्हणून नाकारलं. अर्ज इंजिनियर काकांनी लिहिला होता, तीन परिशिष्टांसह. त्यामुळेच बहुधा.

यावर खेळणाऱ्यांकडून एक ठरावीक बचाव येतो, तुमचा मुलगाही करेल: यामुळे गणित सुधारतं, इंग्रजी सुधारतं, नेतृत्वगुण येतात. त्याला हे बोलू देऊ नका, आणि तुम्ही नणंदेला सांगू नका. एक तर, मी बघितलेल्या खेळाडूंपैकी कितीतरी जण अजूनही बेरीज बोटांवर करतात. दुसरं, हा बचाव चालला की पुढच्या परीक्षेत दोन मार्क कमी पडले तर खेळ बंद करायचं कारण तुम्हीच हातात दिलेलं असतं. रविवारी चार तास तो मित्रांबरोबर हसतो. एवढं पुरेसं कारण आहे. क्रिकेट खेळणाऱ्याला कोणी विचारत नाही की त्याने तुझी भूमिती सुधारली का.

उलट शिक्केही असतात, ते आम्ही स्वतःच स्वतःला लावतो. ‘आम्ही जरा वेगळे, जास्त कल्पक’ वगैरे. यात काडीचं तथ्य नाही. इथेही तितकेच कंटाळवाणे लोक असतात जितके बाकी जगात, फक्त त्यांच्या पात्रांना जादू येते.

मुलींनी खेळू नये, हा खेळ पोरांचा, हा समज मात्र हवेतून आलेला नाही. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री पात्राच्या ताकदीला पुरुष पात्रापेक्षा कमी मर्यादा छापलेली होती. ती मर्यादा पुढे काढून टाकली, पण सवय मागे राहते. मी पहिल्यांदा एका अनोळखी टेबलावर गेले तेव्हा मला विचारलं होतं, ‘कोणाबरोबर आलात?’ आता माझ्या टेबलावर निम्म्या मुली आहेत आणि खेळ मराठीत चालतो, ‘इनिशिएटिव्ह टाका’ (लढाईत आधी कोण, ते ठरवायचा फासा) आणि ‘नॅट ट्वेंटी!’ (फाशावर थेट वीस) एवढं सोडून. इंग्रजी माध्यमातल्या पैसेवाल्यांचं फॅड, हेही ऐकते मधूनमधून. पैशाचं म्हणाल तर खेळाचे मूलभूत नियम कंपनीनेच फुकट उपलब्ध करून दिलेत, सात फाशांचा साधा सेट काहीशे रुपयांत येतो, आणि एका सेटवर अख्खं टेबल चालतं.

काळजी करायचीच असेल तर ती माणसांची करा, खेळाची नको. काही गोष्टींत आमची बदनामी सार्थ आहे. दर टेबलावर एक नियमपंडित असतो जो प्रत्येक फाशानंतर पान नंबर सांगतो. एक असतो ज्याला सगळी गोष्ट आपल्याभोवती फिरायला हवी असते. आणि सगळ्यात वाईट तो, जो दुसऱ्याला टोचून, रडवून म्हणतो, ‘मी नाही, माझं पात्रच तसं आहे.’ पात्र कोणी निवडलं, हा प्रश्न तिथे विचारायचा असतो आणि चांगला डीएम तो विचारतो. बऱ्याच टेबलांवर आता सुरुवातीला एक बैठक फक्त बोलण्यासाठी ठेवतात: काय चालेल, काय नाही. काही ठिकाणी फुली काढलेलं एक कार्ड मध्ये ठेवलेलं असतं. कोणी त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. मुलाला सहज विचारून बघा, तुमच्याकडे असं काही आहे का. मान डोलावली तर बरं आहे.

बाकी जे कुठल्याही क्लासला पाठवताना बघाल तेच. घर कोणाचं, घरी मोठं कोण असतं, खेळणाऱ्यांत पंचविशी-तिशीतले कोणी आहेत का आणि असतील तर त्यांना तुम्ही भेटलात का. वेळेत सुटतात का, कारण ‘फक्त ही लढाई संपवू’ म्हणताना दोन तास जातात, हे मी शपथेवर सांगू शकते. झोप, अभ्यास, जेवण जागेवर आहे ना. तो खेळून आल्यावर बडबडत असेल तर ऐकून घ्या, कंटाळा येईल, दुसऱ्यांच्या पात्रांच्या गोष्टी भयंकर कंटाळवाण्या असतात. येऊन गप्प गप्प राहायला लागला, तर मात्र टेबलावर काय झालं ते हळूच विचारा. खेळाचा विषय काढू नका, माणसांचा काढा. आणि एखाद्या रविवारी डबा द्यायच्या निमित्ताने जाऊन या. अर्धा तास बसा. तो लाजेल, पण मित्र खूश होतील, विशेषतः डब्यात साबुदाणावडे असतील तर.

वाढदिवसाचं: ते पुस्तक आत्ता घेऊ नका. डीएम होणार नसेल तर त्याला त्याची गरज नाही, आणि मित्राकडे एक प्रत असणारच. फाशांचा सेट त्याच्याकडे आहेच, पण दुसरा दिलात तर तो नको म्हणणार नाही, या लोकांना किती फासे पुरतात ते मला अजून कळलेलं नाही. त्याबरोबर एक जाड, चौकटीच्या कागदाची वही द्या, नकाशे काढायला. शिवाय शनिवारी रात्री मेगाब्लॉक बघून ठेवायला सांगा. ट्रान्स-हार्बरवर ब्लॉक असला तर ठाणे स्टेशनहून एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई परिवहनच्या बसने जावं लागतं आणि मग तो तासभर उशिरा पोचतो, तोवर बाकीच्यांनी त्याच्या पात्राला पुढे घालून दार उघडलेलं असतं.