गाता-वाजवता येत नसेल तर संगीतातून रोजच्या जगण्यात काय मिळतं?

संगीत-कलेने आत्म्याचं पोषण होतं म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय होतं, आणि ज्याला गाता-वाजवता येत नाही त्याच्या पदरात काय पडतं, असं तुम्ही विचारलंय. यातला दुसरा प्रश्न माझ्या सख्ख्या भावाने मला २०१९ साली घोटाभर चिखलात उभं राहून विचारला होता. "तुला कुठं गाता येतंय?" म्हणून लिहायला बसले.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा भिंतीवर डोक्याच्याही वर गाळाची रेघ होती आणि आमच्या वडिलांचा, आप्पांचा तानपुरा माजघरात आडवा पडला होता. गवसणीत पाणी तसंच साठलेलं. सरस सुटून तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, उचकटलेली, भोपळा भिजवलेल्या कणकेसारखा बोटाला दबत होता.

दादा म्हणाला, "कपाटं गेली, गाद्या गेल्या, फ्रीज गेला, आणि तू त्या भोपळ्याला काय कवटाळून बसलीस? टाक ढिगात."

मी टाकला नाही. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. तानपुरा त्यांनी मिरजेहून हप्त्यांवर घेतला होता. गाणं त्यांनाही येत नव्हतं. पहाटेच्या ड्यूटीला निघण्याआधी ते तो लावायचे आणि दहा-पंधरा मिनिटं नुसता छेडत बसायचे. आधी जोडीच्या दोन तारा षड्जात, म्हणजे 'सा'त, मग खर्ज, म्हणजे खालचा 'सा', मग पंचम, म्हणजे 'प'. जोडीच्या तारा एकमेकींत मिसळत नसतील तर आवाजाला हेलकावे येतात. मणी जरासा सरकवला की ते हेलकावे लांबत जातात, लांबत जातात आणि थांबतात. मग तारा टेकतात त्या घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार अशी काही उघडते की बंद खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं. जवारी लागली म्हणतात ती ही.

यानंतर आप्पा मला विचारायचे, "आला का गं गांधार?"

चार तारांतली एकही गांधारात, म्हणजे 'ग'मध्ये, लावलेली नसते. तरी खर्ज नीट लागला की त्यातून गांधार आपला आपण ऐकू येतो. स्वयंभू गांधार तो. लहानपणी मी "आला" म्हणून खोटं सांगायचे. नववीत असताना एका पहाटे तो खरंच आला आणि मी काही न बोलता रडले. आप्पांनी विचारलंही नाही. छेडत राहिले.

दादाही त्याच घरात झोपायचा. त्याला तो कधी ऐकू आला नाही, की त्याने कधी कान दिला नाही, कोण जाणे. त्याचं म्हणणं ठरलेलं असतं, "स्टेजवर जाणार आहेस का? मग उपयोग काय?" मी म्हणते, स्वयंपाक करणारा प्रत्येक जण खानावळ काढतो का? मिरजेला गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात उरुसाला रात्र रात्र गाणं चालतं. आप्पा आम्हा दोघांना सायकलवर घेऊन जायचे. समोर बसलेल्यांतल्या किती जणांना गाता येत असेल? ती माणसं रिकामटेकडी नव्हती, सकाळी त्यांना कामावर जायचं होतं.

तर तानपुरा मी मिरजेच्या सतारमेकरांच्या, म्हणजे तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या, गल्लीत नेला. कारागिराने दांडीवर बोटाने टिचक्या मारल्या, कान लावला आणि म्हणाला, "लाकूड जिवंत आहे. भोपळा नवा घालावा लागेल, पण आधी हे सावलीत वाळू द्या." वाळायलाच महिने गेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा बसला. खर्च झाला तो मी माझ्या पगारातून दिला, घराच्या दुरुस्तीतली पै घेतली नाही. हे दादाने वाचलं तर वाचू दे.

आता तुमचं उत्तर. मी पतसंस्थेत काउंटरला बसते. सकाळी पंधरा मिनिटं तानपुरा लावते. त्याने माझी चिंता मिटत नाही, हप्ते कमी होत नाहीत. पण त्या पंधरा मिनिटांत मी फक्त ऐकते, आणि मग दिवसभर माझा कान जागा राहतो. ठेव मोडायला आलेल्या म्हाताऱ्याचा आवाज कुठे कापतोय ते मला कळतं, मी त्याला आधी बसायला सांगते. पोषण म्हणतात ते माझ्या लेखी एवढंच आहे आणि मला ते पुरतं. दिवसभर कानात इअरफोनची बोंडुकं घालून मागे काहीतरी वाजत ठेवणं याला मी संगीत मानत नाही. चित्र, रांगोळी, भजन काहीही धरा, पण त्या वेळी दुसरं काही करू नका.

तानपुरा परवडायलाच हवा असं नाही. मोबाईलवरचाही चालतो, फक्त त्यात लावण्याची गंमत नाही. आणि मन खरंच खचलं असेल, झोप-जेवण सुटलं असेल तर डॉक्टरकडे जा, तानपुऱ्याच्या भरवशावर राहू नका. दादाच्या बाजूचंही एक सांगते. त्या आठवड्यात घरातला गाळ त्यानेच उपसला, माझ्या वाट्याचासुद्धा.

मिरजेला आलात तर त्या गल्लीत जवारी काढताना बघायला मिळतं का ते पाहा. पावसाळा टाळून या, ओल्या हवेत तारा सुरात टिकत नाहीत.