मोरोपंतांचा मोरो आणि मिंदानावचा मोरो

प्रश्न असा: फिलिपिन्सच्या बातम्यांत 'मोरो बंडखोर', 'बांग्सामोरो' असं वाचायला मिळतं. हा मोरो आपल्या मोरोपंतांचा कोणी लागतो का? आणि बांग्सा म्हणजे काय?

मोरोपंतांचं आधी उरकतो. नारायणाचा नारो, तसा मोरेश्वराचा मोरो. मुळाशी मोरगावचा गणपती, म्हणजे अखेर मोर हा पक्षी. फिलिपिन्सशी नातं शून्य.

तिकडचा मोरो स्पेनहून आला, तोही जुन्या वैरासकट. लॅटिन 'माउरुस' म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन मॉरिटेनियाचा माणूस (आजचा त्याच नावाचा देश नव्हे). त्या बाजूनं आलेल्या मुसलमानांचं स्पेनमधलं शेवटचं राज्य, ग्रानाडा, 1492 साली पडलं. पुढे 1565 मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पी फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर उतरला, तेव्हा दक्षिणेत सुलू बेटांवर आणि मिंदानाव या मोठ्या बेटावरच्या मागिंदानावमध्ये सुलतान आधीच गादीवर होते. या लोकांनी आफ्रिका स्वप्नातही पाहिली नव्हती, पण नमाज पढतात ना, मग मोरोच! पोर्तुगीजांचंही तेच. गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कच्या पत्रांत आदिलशाही मुसलमान 'मूर'च आहेत, आणि श्रीलंकेच्या जनगणनेत मूर हा गट आजही आहे.

मोरो ही खरं तर एक जमात नव्हेच. ताउसुग म्हणजे सागरी प्रवाहाची माणसं, मारानाव म्हणजे सरोवराकाठची. शिवाय मागिंदानाव, याकान आणि आणखी कितीतरी. भाषा निराळ्या, दातू म्हणजे सरदारही निराळे, आणि आपसातली भांडणं आपल्या देशमुखांना शोभतील अशी.

त्यांच्या लढ्याचा शब्दसंग्रह मात्र आपल्याला फार परका वाटत नाही. 1637 मध्ये स्पॅनिश गव्हर्नर कोर्कुएरानं ज्याची राजधानी लामितान घेतली, तरी जो हाती लागला नाही, त्या मागिंदानावच्या सुलतानाचं नाव कुदारात. हीच आपल्या ओळखीची 'कुदरत'. अरबीत मूळ अर्थ सामर्थ्य.

एकेकटे शत्रूच्या गर्दीत घुसून मरेपर्यंत वार करणारे जे ताउसुग, त्यांना स्पॅनिश लोक 'हुरामेंतादो' म्हणत, म्हणजे शपथ घेतलेले. स्वतः ताउसुगांचा शब्द 'पारांग साबिल'. पारांग म्हणजे युद्ध, आणि साबिल म्हणजे वाट, अल्लाची वाट. मोहरमला रस्त्यात पाणी-सरबत वाटायला मांडतात ती सबील हाच शब्द! एका वाटेवर पाणी पाजतात, दुसरीवर जीव देतात.

माझा सगळ्यात आवडता शब्द 'कोटा'. मातीदगडाच्या जाड भिंती, त्यावर दाट बांबू लावलेला, भोवती खंदक: ही मोरोंची गढी. मलय भाषेतल्या या शब्दाचं मूळ आपल्या 'कोट'शी एकच. या कोटांशी पुढे अमेरिकेची गाठ पडली. 1898 च्या तहात स्पेननं दोन कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला दिलं, सुलूवर पूर्ण ताबा नसतानाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं सुलूच्या सुलतानाशी करार केला आणि 1904 मध्ये तो एकतर्फी मोडला. डोईपट्टीला विरोध म्हणून शेकडो माणसं बायकापोरांसह होलो बेटावरच्या बुद दाहो या विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर जाऊन राहिली. 'बुद' म्हणजे डोंगर. मार्च 1906 मध्ये अमेरिकी फौजेनं तोफा वर चढवल्या. आठशे ते हजार माणसांतून मोजकीच वाचली. या प्रकाराला 'लढाई' म्हणावं की 'कत्तल', ही शब्दचर्चाच आहे. माझं मत कत्तल. 1913 मध्ये बुद बागसाकच्या कोटांवर पुन्हा तेच झालं.

स्वतंत्र फिलिपिन्समध्येही 'मोरो' ही निम्मी शिवीच होती. तिथल्या 'मोरो-मोरो' नाटकात मुसलमान खलनायक ठरलेला. मग राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या लष्करी कायद्याच्या काळात, 1972 पासून, नूर मिसुआरींच्या मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंटनं बंदूक उचलली आणि ही शिवीच झेंड्यावर घेतली. आपण मागिंदानाव किंवा ताउसुग नंतर, आधी मोरो, असा त्यांचा पवित्रा. तीनशे वर्षं शत्रूनं एकाच नावानं हाक मारल्याचा हा उपयोग!

आता बांग्सा. हा चक्क संस्कृत 'वंश'. बंगालीत 'व'चा 'ब' होतो तसा मलयमध्येही झाला, अनुस्वाराचा 'ङ्', आणि अर्थ कुळावरून लोक, राष्ट्र इथवर फुगला. भाषेचं 'बहासा', तसं वंशाचं 'बांग्सा'. म्हणजे नावाचा अर्धा भाग आपल्याकडचा, अर्धा रोमचा, आणि घर मिंदानावला.

वापराबद्दल एक. 2014 चा शांतता करार आणि 2019 चं सार्वमत यांनंतर 'बांग्सामोरो' हे तिथल्या मुस्लिम स्वायत्त प्रदेशाचं अधिकृत नाव आहे. त्यामुळे बातमीत 'बांग्सामोरो बंडखोर' लिहिणं म्हणजे 'महाराष्ट्र बंडखोर' लिहिण्यासारखं. संघटनेचं नाव द्या. नुसतं 'मोरो' लिहायचं असेल तर ते लोकांचं नाव म्हणून, 'मराठे' लिहितो तसं.