पहिल्यांदाच घर भाड्याने देताना

प्रश्न : दोन खोल्यांचं घर पहिल्यांदाच भाड्याने द्यायचं आहे. जाहिरात देताच वीसेक फोन आले. बोलायला सगळेच चांगले. एकजण तर घर न बघताच पूर्ण अनामत द्यायला तयार आहे. निवड कशी करावी?

उत्तर : त्या एकाला आधी थांबवा. घर न पाहता पैसे पुढे करणाऱ्याला अनेकदा चौकशीच नको असते. कागद तपासून होईपर्यंत कुणाकडूनही टोकन घेऊ नका.

जाहिरातीत भाडं, अनामत, मजला, घर कधीपासून मिळेल आणि किमान मुदत स्पष्ट लिहा, म्हणजे नुसते चौकशीचे फोन कमी होतील. बाकीच्यांना फोनवरच विचारा : राहणार किती जण, कमाई कशाची, आधीचं घर का सोडताय? प्रश्न सगळ्यांना तेच हवेत. उत्तरं वहीत टिपून ठेवा आणि घर बघायला आल्यावर पुन्हा विचारा.

खरा वेळ द्या तो बँक स्टेटमेंटला. पगाराच्या तीन स्लिपा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवा. स्लिपेवरचा निव्वळ पगार आणि खात्यात जमा झालेला आकडा तंतोतंत जुळायला हवा. मग पगार कोणत्या तारखेला येतो ते बघा, कारण भाड्याची तारीख त्यानंतर दोन-तीन दिवसांनीच ठेवावी. पगार आला की दोन दिवसांत हप्त्यांत संपत असेल, तर भाडं रखडणारच. हातात येणारी रक्कम भाड्याच्या तिप्पट असावी, हा ढोबळ हिशेब. धंदा करणाऱ्याकडून दोन वर्षांची कर विवरणपत्रं मागा.

सध्याच्या घरमालकाच्या शब्दावर फार विसंबू नका. भाडेकरू जावा म्हणून तोही कौतुक करू शकतो. त्याच्या आधीच्या मालकाला फोन करा. भाडं किती होतं, किती महिने राहिले, हे त्यालाच सांगू द्या, तुम्ही आकडा सुचवू नका. मित्रालाच ‘मालक’ म्हणून उभं केलं असेल, तर तो इथे हमखास अडखळतो.

माणूस पक्का झाला की करारावर सह्या होऊन अनामत तुमच्या खात्यात दिसल्यावरच किल्ली द्या. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट खोटाही असतो. किल्ली देण्याआधी दोघांनी मिळून घरभर फिरून भिंतीवरची ओल, नळ, खिडक्यांच्या काचा यांचे फोटो काढावेत आणि मीटरचं रीडिंग लिहून यादीवर दोघांनी सही करावी. ही यादी नसेल, तर घर सोडताना अनामतीतून काय कापायचं यावरून वाद ठरलेला.